हुंकाराची जागा

कत्तिरी लागली. पंचांग बघायच्या आधीच मला ते कळलं. सकाळी गच्चीवर वाळत घातलेली कडुनिंबाची फुलं दुपारी चिमटीत धरली, तर त्यांचा भुगा झाला. उन्हाळ्याच्या ऐन भरातल्या दिवसांना इकडे तंजावरला कत्तिरी म्हणतात, आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. रस्ते ओस पडतात, कावळेसुद्धा चोच उघडी टाकून नळाखाली बसतात, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, की यंदाचं ऊन गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे. दर वर्षी ते गेल्या वर्षीपेक्षा जास्तच असतं. अख्ख्या गल्लीत कत्तिरीची वाट पाहणारी मी एकटीच असेन. हे मी कुणाला सांगत नाही, कारण लोक मला वेड्यात काढतील.

मला या दिवसांत आठवतो तो पंखा बंद केल्यावर पडणारा शांतपणा. वरचा पंखा फिरायचा थांबला की आधी त्याची घरघर जाते, मग पात्यांची सळसळ जाते, आणि मग घराचा खरा आवाज ऐकू यायला लागतो. मागच्या अंगणात नारळाची झावळी भिंतीला घासते. दूरवर ताडगोळेवाला एकदाच ओरडतो आणि पुढे जातो. घामाचा पहिला थेंब कानामागून मानेवर उतरतो. त्या एका उन्हाळ्यात भर दुपारी आम्ही तिघं माणसं रोज आपणहून पंखा बंद करून, खिडक्या लावून, मधल्या खोलीत कोंडून घेऊन बसत होतो. आम्ही पॉडकास्ट करत होतो.

तिघं म्हणजे मी, माझे थोरले काका आणि काकी. माझा जन्म इथलाच. आमच्याकडे मराठी घरात, तमिळ दारात, आणि दोन्हींची भेळ जेवणाच्या पानावर. पुढे मी पुण्याला बोलक्या पुस्तकांच्या रेकॉर्डिंगच्या नोकरीला गेले, तेव्हा माझं मराठी ऐकून लोक आधी हसले आणि मग त्यांनी प्रेमानं ते दुरुस्त केलं. हे लिहिते आहे ते दुरुस्त केलेलं मराठी. मूळचं अजून शाबूत आहे, पण ते फक्त काका-काकींसमोर बाहेर येतं. आईवडील गेल्यावर मला माहेर म्हणून उरलं ते या दोघांचं घर. काकांनी पापनाशमच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, रोज आगगाडीनं गेले आणि आगगाडीनं आले. त्यांचा आवाज असा, की ते ओसरीवर बसून काकींना कॉफी मागायचे आणि शेजारच्या घरात दूध तापायला ठेवलं जायचं. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत म्हणतात. काकांनी माती, गहू, सगळंच विकलं असतं.

त्या वर्षी तो आवाज घोगरा झाला, मग बसला, आणि चैत्र संपता संपता डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की घशातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. शस्त्रक्रिया कत्तिरी संपल्यावर ठरली. तोवर जमेल तेवढं बोलायला डॉक्टरांची हरकत नव्हती. मी पुण्याहून लॅपटॉप आणि माइक घेऊन आले, कारण माझं काम कुठूनही होत होतं आणि मला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. काकांनी माइक हातात घेऊन उलटसुलट पाहिला. जाणारच आहे तर आधी वापरून संपवूं, एवढंच ते म्हणाले. ते आवाजाबद्दल बोलत होते हे कळायला मला क्षणभर लागलं. काकींना आधीच कळलं होतं. त्या उठून आत गेल्या.

काका गणिताचे मास्तर, त्यामुळे व्याख्येशिवाय पुढचं पाऊल नाही. पॉडकास्ट म्हणजे काय? रेडिओच ना? मी म्हटलं, रेडिओसारखं, पण रेडिओ नाही. त्यांनी वरचा ओठ दुमडला. असं उत्तर देणाऱ्या पोरांना ते बाकावर उभं करत असत. मग मी नीट सांगायला बसले. रेडिओला मनोरा लागतो, परवाना लागतो, ठरलेली वेळ लागते. इथे आपण बोलायचं, रेकॉर्ड करायचं, आणि ती फाइल इंटरनेटवर एका जागी ठेवायची. नुसती ठेवली तर तो पॉडकास्ट होत नाही. एकामागून एक भाग यायला हवेत, एका सूत्रातले. त्या सगळ्या भागांची एक यादी असते, तिला फीड म्हणतात. नवा भाग ठेवला की यादीत त्याची नोंद होते. ऐकणारा आपल्या फोनमधल्या ॲपला एकदा सांगून ठेवतो, की मला हा पॉडकास्ट हवा. मग ॲप आपणहून ती यादी बघत राहतं, आणि नवं काही आलं की त्याच्यासमोर आणून ठेवतं. तो ते लगेच ऐको, आठवड्यानं ऐको, अर्ध्यात थांबवो, परत मागे नेवो.

 काकांनी फाटकाकडे बोट दाखवलं. आमच्या गल्लीत फाटकाच्या आकड्याला रात्री पिशवी अडकवून ठेवतात. दूधवाला पहाटे येतो, पिशवीत दूध ठेवतो, घंटा वाजवत नाही, कुणाला उठवत नाही. ज्यानं पिशवी टांगली त्याला मिळतं, आणि तो उठेल तेव्हा घेतो.

“पिशवी त्यांची, दूध आमचं,” काका म्हणाले. “समजलं. बसूं.”

मी पुण्यात अनेकांना पॉडकास्ट समजावून दिला होता. याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

पण व्याख्येनं खोली शांत होत नाही. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना मऊ काहीतरी लावावं लागतं. मी काकींकडे रजया मागितल्या. मला बरं आहे ना, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तंजावरात रजई कोण ठेवतं? शेवटी लग्नकार्यात पंगतीला अंथरायचे जमखाने माळ्यावरून काढले आणि खिळ्यांना टांगले. खोलीला एकदम मांडवाचा वास आला. पहाटे गारवा असायचा, पण देवळाचा भोंगा आणि पोपट यांचंही तेव्हाच सुरू व्हायचं. संध्याकाळी रिक्षा. अख्खा गाव गप्प असतो तो फक्त दुपारी, जेवून आडवा झाल्यावर. म्हणून दुपार. फ्रिजसुद्धा गुणगुणतो म्हणून तोही बंद करायचा, आणि पहिल्याच दिवशी तो सुरू करायला आम्ही विसरलो. संध्याकाळी दूध नासलं, उद्याच्या इडलीचं पीठ फसफसून भांड्याबाहेर आलं, आणि काकी दोन वाक्यंच बोलल्या, पण ती पुरेशी होती. नंतर आमच्या धंद्यातली जुनी युक्ती मी वापरली. फ्रिज बंद करताना घराच्या किल्ल्या आत ठेवायच्या, म्हणजे बाहेर पडायचं तर तो उघडावाच लागतो. काकींना ही युक्ती फार आवडली. गल्लीतल्या बायकांना त्या गार किल्ल्या हातात देऊन दाखवत.

काकांना काय सांगायचं होतं? राजांच्या गोष्टी नाहीत, हे त्यांनी आधीच बजावलं. त्या राजवाड्याबाहेरच्या पाटीवर लिहिलेल्या आहेत, ज्याला हव्यात त्यानं जाऊन वाचाव्या. त्यांना पापनाशमची गाडी सांगायची होती, रोजचे चेहरे, खिडकीतून दिसणारं भाताचं रोप हाताएवढं कधी होतं ते. धरणाचं पाणी कालव्यात पहिल्यांदा येतं तेव्हा पुढे पुढे वाहत येणारा पाचोळा, त्याच्यामागून धावणारी माणसं. भागाकाराला भिणारी पोरं. आमच्या भाषेत त्यांना हे सांगायचं होतं, कारण ही भाषा ऐकून कळणारे आमच्यात पुष्कळ, बोलणारे थोडे, आणि नागरी लिपी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. काका स्वतः मराठी लिहायचे ते तमिळ अक्षरांत. अशा भाषेला पुस्तकाचा काय उपयोग? तिला कानच हवेत. पॉडकास्टचं हे मोठेपण मला पुण्यात कधी जाणवलं नव्हतं. तो वाचता येतं का, असं कुणालाच विचारत नाही.

पहिल्या दिवशी काकांनी काकींना खोलीबाहेर बसवलं. रेडिओत एकच माणूस बोलतो, असं त्यांचं म्हणणं. दार लागलं, पंखा थांबला, मी कानांवर हेडफोन चढवले. त्यांनी बातम्या सांगितल्यासारखा नमस्कार केला, दोन वाक्यं बोलले आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी सवयीनं ओठांवर बोट ठेवलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. गाडी पापनाशमच्या दिशेनं काही सुटेना. एवढा बोलका माणूस, आणि त्यांच्या कपाळावर उन्हाचा नव्हता असा घाम आला.

चूक माइकची नव्हती. आमच्याकडे गोष्ट कुणी एकटं सांगतच नाही. एकानं सांगायची आणि दुसऱ्यानं हुंकार द्यायचा. दर वाक्याला हं. तमिळ शेजाऱ्यांकडेही हीच चाल आहे. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो, कारण ऐकणाऱ्याला झोप लागली असं समजायचं असतं. काका जन्मभर बोलले ते काकींच्या हुंकारावर. संध्याकाळी गाडीतून उतरून घरी यायचे, पाय धुवायचे, आणि दिवसभराचं सगळं सांगायचे. काकी चिंच फोडत, तांदूळ निवडत हं म्हणायच्या. त्यांचे हं वेगवेगळे होते. पुढे काय झालं असा एक. थापा मारताय असा एक. हे मागच्या महिन्यात सांगून झालंय, पण सांगा, असाही एक होता आणि तो सर्वांत मायेचा होता.

दुसऱ्या दिवशी काकींना आत घेतलं आणि गाडी सुटली. काय बोलले काका त्या दुपारी! आवाज घोगरा, अंगणापर्यंतही न पोचणारा. पण माइकला मोठा आवाज नको असतो, जवळचा हवा असतो. हेडफोनमध्ये ते माझ्या कानाशी बसून बोलत होते. काकींनी मात्र हं म्हणायचा आणि नंतर मी तो काढून टाकायचा, असं काकांनी बजावलं होतं. मलाही ते पटलं. स्वच्छ रेकॉर्डिंग म्हणजे चांगलं रेकॉर्डिंग, हे मी इतकी वर्षं शिकले होते. पडद्यावर काकांचे शब्द मोठ्या डोंगरांसारखे दिसत आणि मधे काकींचे हं म्हणजे छोटे उंचवटे. एकेक उंचवटा निवडायचा, कापायचा, डोंगर डोंगराला जोडायचा. संध्याकाळी मागच्या ओसरीवर बसून आम्ही तिघांनी तो पहिला भाग ऐकला. काका खूश होते. काकींच्या हातातली चिंच तशीच राहिली.

“कोणाला सांगतात हे?” त्या म्हणाल्या. “समोर कोणी नाहीं म्हणूनु वाटतं. एकटे बसूनु बोलल्यासारखे.”

 मी तोच भाग परत लावला, आणि आता मलाही तेच ऐकू आलं. एक म्हातारा माणूस रिकाम्या खोलीत गोष्ट सांगतो आहे. काकांनी पार शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्याकडे वळले. “अस्कं परत घाल,” म्हणाले; अस्कं म्हणजे सगळं. मूळ रेकॉर्डिंग मी जपून ठेवलेलं होतं. एकेक हं परत आपल्या जागी बसवला. एका माणसाच्या जाणाऱ्या आवाजासाठी माइक आणला होता, आणि त्यात दोन माणसं होती हे मला तेव्हा कळलं.

पॉडकास्टचं नाव ठेवलं ‘बसा, सांगतो’. चित्र म्हणून काकांची पायताणं आणि ओसरीची पायरी. फाइल चढवली, फीड तयार झालं, वेगवेगळ्या ॲपना त्याचा पत्ता दिला. काकांना वाटलं होतं की आता काहीतरी होईल. काहीच झालं नाही. पिशवीत दूध ठेवल्याचा आवाज येत नाही, तसंच ते. काही दिवसांनी मात्र ओरत्तनाडूच्या एका बाईंचा आवाजी निरोप आला. त्यांचं घराणं मूळचं मराठी, घरात आता तमिळच चालतं. भेंडी चिरताना भाग लावला होता आणि त्या नकळत हं, हं म्हणायला लागल्या. सून येऊन विचारते, अत्तै, कुणाशी बोलताय? काकांनी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. नंतर दुपारी बोलताना ते मधेच माइककडे बघून किंचित थांबायला लागले, पलीकडच्यांनाही जागा असावी म्हणून.

मी त्यावर खूप विचार केला आहे. सांगणारा आज बोलतो, ऐकणारा उद्या, परवा, कधीतरी ऐकतो, दोघं एकमेकांना दिसत नाहीत. हे तंत्र सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यात हुंकार हरवतो. तो कुठल्यातरी स्वयंपाकघरात, कुठल्यातरी बसमध्ये उमटतो आणि सांगणाऱ्यापर्यंत पोचत नाही. तरी कुणीतरी हं म्हणत असेल अशा भरवशावरच माणूस माइकसमोर बोलतो. काकींचा हं त्या सगळ्या न पोचलेल्या हुंकारांच्या वतीनं तिथे बसलेला होता.

कत्तिरी संपत आली. शेवटच्या दुपारी काही गंभीर सांगतील म्हणून मी धास्तावले होते. काका ताडगोळा कसा खावा यावर बोलले, पाणी अंगावर न सांडता. काकींना सांडल्याशिवाय कधी जमलं नाही, असंही म्हणाले. त्यावर काकींचा हं रागाचा होता. मग पंखा लावला, आलं-कढीपत्ता घातलेलं ताक प्यालो, आणि काका घामेजल्या पाठीनं जमखान्यावरच आडवे झाले. त्या उन्हाळ्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. जे जाणार होतं ते जाताना मला शेजारी बसायला मिळालं, आणि ते रडत नव्हे तर सांगत सांगत गेलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. काका घरी आले ते गळ्याशी श्वासाचं छिद्र घेऊन. सांगायचं ते फोनवर तमिळ अक्षरांत टाइप करायचे. ते सावरले, चालायला लागले, भाजी आणू लागले. त्यांच्या गप्प राहण्याची मनाची तयारी मी केली होती. काकी गप्प होतील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. हं म्हणायला समोर काही उरलं नाही, आणि स्वतःहून बोलायची त्यांना सवयच नव्हती. मी पुण्याहून फोन केला की जेवलीस का, एवढं विचारायच्या आणि फोन खाली ठेवायच्या. दोन माणसांचं घर, आणि पातेल्याच्या झाकणाशिवाय आवाज नाही. फीडमध्ये नवं काही येईना. लोकांचे निरोप येत, पुढचा भाग कधी?  आवाज काकांचा गेला होता, पण मी आता काकींना गमावते आहे अशी भीती मला वाटायला लागली.

यंदा कत्तिरी लागली तेव्हा मी इथेच होते. दुपारी जेवणं झाल्यावर काका उठले, स्टुलावर चढले आणि माळ्यावरचे जमखाने ओढायला लागले. काकी ओरडल्या, पडाल म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. एकेक जमखाना खिळ्याला टांगला, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. मग माइकसमोरची स्वतःची खुर्ची हातानं झटकली आणि काकींना तिच्यावर बसायची खूण केली. काकी बसल्या, पण नुसत्याच बसल्या. मला काय येतं सांगायला, म्हणाल्या. सांगायचं ते यांनीच, मी ऐकायचं. काका समोर लाकडी बाकावर बसले. मी हेडफोन चढवले आणि ओठांवर बोट ठेवायचं नाही असं स्वतःला बजावलं.

काकींनी एक वाक्य म्हटलं. हॉस्पिटलांत त्या दिवशी फार गर्दी होती. आणि थांबल्या. सवयीनं दोघांचीही मान वर झाली. काकांचे ओठ उघडले, गळ्याशी नुसती हवा हलली. हं काही आला नाही. मग त्यांनी बोटाच्या पेरानं बाकावर टकटक नाही, एकच टक् केलं.

काकी बोलायला लागल्या. बाहेरच्या बाकड्यावर बसून काय काय नवस केले, शेजारच्या अनोळखी बाईनं आपल्या डब्यातला दहीभात कसा खायला लावला. दर वाक्याला टक्. काकींचा आवाज मोकळा होत गेला. “हे बोलणार नाहींत आतां, हे माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “तरी यांना बाहेर आणलं तेव्हां मी उभी राहिलें आणि म्हटलं, ‘सांगा.’ किती वेळ तशीच उभी. मग कळलं, आतां मीच सांगायला हवं. आणि मला भीती वाटली. मी सांगितलं आणि यांनी ऐकलंच नाहीं तर?”

टक् आला नाही. हे काकांनी कधी ऐकलेलं नव्हतं. हेडफोनमध्ये फक्त त्यांचा श्वास होता, गळ्यातून येणारा, थोडा ओला. रेकॉर्डिंग चालू होतं आणि मी ते बंद केलं नाही. काकी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“झोपलात कां?” त्यांनी विचारलं.

काकांनी बाकावर टक् केलं. आणि काकींनी पुढे सांगायला घेतलं.